वेगाचा दंड आणि न्यायाची गती

रस्त्यावरील पोलिसाने हात आडवा करून गाडी थांबवावी, चालकाने काकुळतीला यावे, पोलिसाने आवाज चढवावा आणि अखेर पावती-पुस्तकातील एक पान फाटावे किंवा न फाटताच प्रकरण मिटावे, हा वाहतूक-दंडाचा आपल्याकडील कित्येक दशकांचा परिपाठ होता. तो आता मागे पडत चालला आहे. दंड आता घरी चालत येतो. कधी मोबाईलवर संदेश येतो, कधी टपालाने नोटीस येते. तिच्यात गाडीचा क्रमांक असतो, छायाचित्र असते, ताशी किलोमीटरमध्ये मोजलेला वेग असतो आणि भरावयाची रक्कम असते. 'चलन' हा शब्द शिक्षकांना आणि कारकुनांना कोषागारात किंवा बँकेत पैसे भरण्याचा कागद म्हणून चांगला परिचित आहे. तो कागद भरणारा स्वतःच्या हाताने भरीत असे. ई-चलन मात्र आधीच भरून येते. नागरिकाने त्यात फक्त पैसे घालावयाचे असतात.

हा बदल केवळ तांत्रिक नाही. शासन आणि नागरिक यांच्यातील व्यवहाराचे स्वरूपच त्यामुळे पालटले आहे. पूर्वीच्या पद्धतीत लाचलुचपतीला वाव होता, दमदाटी होती, ओळखीपाळखीचा उपयोग होता. पण त्याच जागी आणि त्याच क्षणी आपली बाजू मांडण्याची संधीही होती. नव्या पद्धतीत चिरीमिरीला जागा उरली नाही, ही निःसंशय जमेची बाजू. तथापि बाजू मांडण्याची जागाही तिच्याबरोबर नाहीशी झाली. म्हणूनच वेग मोजणारे कॅमेरे असावेत की नसावेत, हा आजचा खरा प्रश्न नव्हे. यंत्राने क्षणार्धात केलेला दंड वाजवी वेळात आणि वाजवी खर्चात तपासून घेण्याची सोय नागरिकाला आहे काय, हा खरा प्रश्न आहे. या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल, तर रस्ते सुरक्षित करण्याचा मूळ हेतूच धोक्यात येतो.

वेगाची किंमत

कॅमेऱ्यांची गरज प्रथम मान्य केली पाहिजे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. यांपैकी ७१.२ टक्के मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदले गेले. महाराष्ट्रातील मृतांची संख्या १५ हजारांच्या वर होती. देशातील एकूण मृतांत दुचाकीस्वार ४४.५ टक्के आणि पादचारी १९.५ टक्के होते. म्हणजे वेगाची किंमत मुख्यतः मोटारीत बसलेला माणूस मोजीत नाही, तर तिच्या बाहेर असलेला माणूस मोजतो. ज्या कृतीचा लाभ एकाला आणि हानी दुसऱ्याला, अशी कृती व्यक्तीच्या मर्जीवर सोडता येत नाही, हे अर्थशास्त्रातील अगदी प्राथमिक तत्त्व आहे.

तो लाभ तरी केवढा असतो? मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुमारे ९४ किलोमीटर लांबीचा आहे. घाट, वर्दळ, पथकर नाके हे सारे क्षणभर बाजूला ठेवून तो ताशी १०० किलोमीटर वेगाने कापला, तर सुमारे ५६ मिनिटे लागतील. ताशी १२० किलोमीटर वेगाने कापला, तर ४७ मिनिटे लागतील. बचत नऊ मिनिटांची. परंतु वाहनाची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे शाळेतील विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. वेग वीस टक्क्यांनी वाढला की आघाताची ऊर्जा चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढते. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर, तर ताशी १२० किलोमीटर वेगाची गाडी ३३ मीटर पुढे जाते. ब्रेकवर पाय पडण्यापूर्वीच हे अंतर कापले गेलेले असते. नऊ मिनिटांसाठी दिलेली ही किंमत बहुतेकांच्या हिशेबात येत नाही. कारण ती प्रत्येक प्रवासात द्यावी लागत नाही आणि जेव्हा द्यावी लागते, तेव्हा हिशेब करावयास माणूस उरेलच असे नसते.

वेग डोळ्यांनी मोजता येत नाही, याची जाणीव कायदेकर्त्यांना पूर्वीपासून होती. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८३ मध्ये एक मार्मिक तरतूद आहे. अमुक वाहन अवैध वेगाने जात होते असे एकाच साक्षीदाराचे मत असेल, तर ते मत यंत्राच्या मोजणीवर आधारलेले असल्याखेरीज केवळ त्यावरून कोणालाही दोषी ठरविता येत नाही. म्हणजे पोलिसाच्या अंदाजापासून नागरिकाचे रक्षण व्हावे, म्हणून कायद्याने यंत्राला पाचारण केले होते. आज त्याच यंत्राच्या बाबतीत नागरिकाला संरक्षण हवेसे वाटू लागले आहे, हा काळाचा महिमा म्हणावयाचा.

या यंत्राचा इतिहासही असाच उफराटा आहे. मॉरिस गात्सोनिडेस हा डच मोटार-शर्यतपटू १९५३ साली माँटे कार्लोची शर्यत जिंकला होता. वळणावर आपली गाडी नेमकी किती वेगाने जाते हे कळावे आणि ती अधिक वेगाने नेता यावी, म्हणून त्याने मोजणीचे उपकरण बनविले. पुढे त्याच उपकरणाचे रूपांतर जगभरच्या वेगवान चालकांना पकडणाऱ्या कॅमेऱ्यात झाले. ब्रिटनमध्ये १९९२ साली पश्चिम लंडनमधील ट्विकनहॅम पुलावर असा पहिला कॅमेरा बसला. फ्रान्समध्ये ऑक्टोबर २००३ मध्ये स्वयंचलित कॅमेऱ्यांची योजना सुरू झाली. तेथे २००२ साली रस्त्यांवर सात हजारांहून अधिक माणसे दगावली होती. २०१० पर्यंत ही संख्या चार हजारांच्या आसपास आली. सारे श्रेय कॅमेऱ्यांना देणे योग्य होणार नाही. पण त्यांचा वाटा मोठा होता, हे सर्वसाधारणपणे मान्य आहे.

कायदा काय सांगतो

आपल्याकडे मुंबईत २०१६ साली ई-चलनाची पद्धत सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर पसरली. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली. मूळ कायद्यात अतिवेगाच्या पहिल्या गुन्ह्याला चारशे रुपयांपर्यंत दंड होता. दुरुस्तीने तो हलक्या वाहनांना एक ते दोन हजार आणि मध्यम व अवजड वाहनांना दोन ते चार हजार रुपये झाला. महाराष्ट्राने वाढीव दंडाची अंमलबजावणी काही काळ रोखून धरली आणि डिसेंबर २०२१ मध्ये ती सुरू केली. याच दुरुस्तीने कलम १३६-अ अस्तित्वात आले आणि राष्ट्रीय व राज्य महामार्गांवर तसेच मोठ्या शहरांत इलेक्ट्रॉनिक देखरेख ठेवणे हे राज्यांचे कर्तव्य ठरले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ मध्ये कॅमेऱ्यांची जी नवी यंत्रणा कार्यान्वित झाली, ती याच धोरणाचे फळ होय. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाची अंमलबजावणी करण्याविषयी राज्यांना निर्देश दिले.

परंतु या कलमाबरोबर आलेल्या नियमाची चर्चा फारशी होत नाही. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम घातला. तो बारकाईने वाचला, तर त्यात केवळ नागरिकाला पकडण्याची सोय नाही. शासनावर घातलेली बंधनेही आहेत. वेग मोजणाऱ्या उपकरणाला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावयास हवे. देखरेखीखालील टप्पा सुरू होण्यापूर्वी तसा इशारा देणारा फलक ठळकपणे लावलेला हवा. गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांच्या आत नोटीस पाठविली गेली पाहिजे. तिच्यात छायाचित्राचा पुरावा, उपकरणाने केलेले मापन, दिनांक, वेळ, स्थळ आणि भंग झालेले कलम यांचा उल्लेख पाहिजे. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालील प्रमाणपत्रही तिला जोडलेले पाहिजे. या कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली असून तेथे हीच तरतूद कलम ६३ मध्ये आहे. आणि प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत मूळ नोंद जपून ठेवावयाची आहे.

ही यादी पाहिली म्हणजे ध्यानात येते की, कायदेकर्त्यांना घाईचा दंड नको होता. तपासता येईल असा दंड हवा होता. पंधरा दिवसांची अट तर फारच महत्त्वाची आहे. पंधरवड्यापूर्वी अमुक दिवशी आपण कोठे होतो, गाडी कोण चालवीत होते, हे माणसाला आठवू शकते. सहा महिन्यांनी किंवा दोन वर्षांनी ते आठवत नाही. परंतु वाहनमालकाला आपल्या नावावर चलन आहे याचा पत्ता प्रत्यक्षात अनेकदा फार उशिरा लागतो. मोबाईल क्रमांक जुना असतो, संदेश पोचलेला नसतो आणि गाडी विकावयाच्या वेळी चार-पाच चलनांची माळच समोर येते. अशा वेळी नोटीस म्हणजे वरातीमागून घोडे ठरते. जिच्यामुळे वेग कमी व्हावयाचा, ती सूचना चारदा वेग वाढवून झाल्यावर हाती येते. पहिल्याच आठवड्यात ती मिळाली असती, तर उरलेले तीन प्रसंग कदाचित टळले असते.

दंडाची निश्चिती की रक्कम?

शिक्षेच्या कठोरपणापेक्षा तिची निश्चिती आणि तत्परता अधिक परिणामकारक ठरते, हे इटालियन विचारवंत बेक्कारिया याने १७६४ साली मांडले. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर याने १९६८ साली त्याच प्रश्नाला अर्थशास्त्राची चौकट दिली. नियम मोडणारा माणूस पकडले जाण्याची शक्यता आणि शिक्षेचा आकार या दोहोंचा मेळ घालून आपला फायदा-तोटा पाहतो, असे त्याचे प्रतिपादन होते. कॅमेऱ्याने यातील पहिला घटक, म्हणजे पकडले जाण्याची शक्यता, कितीतरी पटींनी वाढविली. पण पकडले जाणे आणि दंड प्रत्यक्ष भरावा लागणे यांच्यामध्ये मोठी दरी राहिली आहे. वर्षानुवर्षे चलने थकीत राहतात, थकबाकीचे आकडे फुगतात आणि मग वसुलीसाठी लोकअदालतीचा मार्ग धरावा लागतो.

लोकअदालत ही संस्था उपयुक्त आहे, यात वाद नाही. परंतु थकीत दंडात घसघशीत सूट देण्याची जी प्रथा देशात रूढ होऊ पाहत आहे, तिचे परिणाम तपासावयास हवेत. तेलंगणाने २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२३ च्या अखेरीस थकीत चलनांवर मोठी सवलत दिली. दुसऱ्या खेपेस दुचाकींना ८० टक्के दंड माफ झाला. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये निम्मा दंड माफ केला. दोन्हीकडे तिजोरीत पैसे आले आणि योजना यशस्वी झाल्याचे सांगितले गेले. पण ज्याने नोटीस मिळताच मुकाट्याने पूर्ण रक्कम भरली, त्याच्या पदरी काय पडले? आपण घाई केली, एवढाच बोध. आणि ज्याने ती कचऱ्यात टाकली, तो शहाणा ठरला. एकदा सूट मिळाली की पुढची सूट केव्हा येते याची वाट पाहणे हाच सुज्ञपणा होतो. कर्जमाफी आणि करसवलत यांच्या बाबतीत आलेला हा अनुभव आता वाहतूक-दंडात नव्याने येत आहे.

फ्रान्समधील पद्धत याच्या नेमकी उलट आहे. तेथे एका वर्गाच्या गुन्ह्याला १३५ युरो दंड असतो. पंधरा दिवसांत भरल्यास तो ९० युरो होतो आणि मुदत उलटून गेल्यास ३७५ युरो होतो. लवकर भरणाऱ्याला सवलत आणि टाळणाऱ्याला भुर्दंड, ही साधी शिस्त आहे. सवलत द्यावयाचीच असेल, तर ती आरंभी द्यावी, अखेरीस नव्हे.

येथे आणखी एक कायदेशीर बाब लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या गुन्ह्याला केवळ दंडाचीच शिक्षा आहे, त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घ्यावी, अशी मर्यादा फौजदारी प्रक्रिया संहितेत होती. तीच आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. सबळ कारण असल्यास विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, हे खरे. परंतु चलन काढावयाचे, न्यायालयात पाठवावयाचे नाही आणि वर्षे लोटल्यावर वसुलीचा तगादा लावावयाचा, ही रीत या मर्यादेमागील तत्त्वाला धरून नाही. दंड वसूल करावयाचा असेल, तर शासनानेही वेळ पाळला पाहिजे.

निरपराधाचा हिशेब

आता ज्याच्या हाती चुकीची नोटीस पडली, त्या माणसाकडे वळू. गाडी विकून वर्ष झाले, पण नाव बदलले नाही. कोणीतरी आपल्या गाडीचा क्रमांक दुसऱ्याच गाडीवर लावला. कॅमेऱ्याने एक अंक चुकीचा वाचला. अथवा छायाचित्रात गाडी आपलीच, पण स्थळ आणि वेगमर्यादा यांचा मेळ बसत नाही. अशा प्रसंगी काय करावयाचे? वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर तक्रार नोंदविण्याची सोय आहे. परंतु यंत्र पोलिसांचे, नोटीस पोलिसांची आणि तक्रारीचा पहिला विचार करणारेही पोलीसच, अशी ही रचना आहे. तेथे समाधान झाले नाही, तर न्यायालयाचा रस्ता मोकळा आहे, असे सांगितले जाते. तो मोकळा आहे. पण फुकट नाही.

समजा, नागपूरच्या एका कारकुनाला रायगड जिल्ह्यातील एखाद्या महामार्गावरचे दोन हजार रुपयांचे चलन आले. ते चुकीचे आहे, याची त्याला खात्री आहे. ते लढविण्यासाठी रजा काढावयाची, सात-आठशे किलोमीटरचा प्रवास करावयाचा, वकील शोधावयाचा आणि एका तारखेला काम झाले नाही तर दुसऱ्यांदा जावयाचे. हा सारा खर्च दोन हजारांच्या कितीतरी पुढे जातो. कोणताही व्यवहारी माणूस काय करील? न केलेल्या गुन्ह्याचा दंड भरून मोकळा होईल. शासनाच्या दप्तरी मात्र त्याने गुन्हा मान्य केला, अशी नोंद राहील. ज्या व्यवस्थेत निर्दोष माणसाला निर्दोष ठरण्यापेक्षा दोषी ठरणे स्वस्त पडते, ती व्यवस्था कितीही आधुनिक असली तरी न्याय्य म्हणता येणार नाही. येथे रक्कम लहान आहे, हा युक्तिवाद उपयोगी पडत नाही. रक्कम लहान असल्यामुळेच अन्याय निमूटपणे गिळला जातो आणि चूक दुरुस्त होत नाही. खोटा दंड भरणाऱ्याची तक्रार कोठेच नोंदली जात नसल्याने यंत्र नेहमी अचूकच ठरते.

यावर उपाय नाहीत असे नाही. नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे ऑक्टोबर २०२० मध्ये वाहतूक-प्रकरणांसाठी आभासी न्यायालय सुरू झाले. त्याच तत्त्वाचा विस्तार करून हरकतींची सुनावणीही घरबसल्या व्हावी. छायाचित्र, उपकरणाचे प्रमाणपत्र आणि त्या जागेची अधिसूचित वेगमर्यादा हे तिन्ही कागद नागरिकाला मागणी न करता पाहावयास मिळावेत. आणि ठरावीक दिवसांत हरकतीचा निर्णय झाला नाही तर चलन आपोआप रद्द व्हावे. ब्रिटनमध्ये नोंदणीकृत मालकाला साधारणतः चौदा दिवसांत नोटीस मिळावीच लागते. त्यानंतर गाडी कोण चालवीत होते ते त्याने अठ्ठावीस दिवसांत कळवावयाचे असते. वेगमर्यादा थोडक्यात ओलांडली असेल, तर दंडाऐवजी सुरक्षिततेच्या शिक्षणवर्गाला बसण्याचा पर्यायही बहुधा मिळतो. दंडाचा हेतू माणूस सुधारावा हा असेल, तर या पर्यायाचा विचार आपल्याकडेही व्हावयास हरकत नसावी.

गाडी एकाची, चूक दुसऱ्याची

ई-चलन येते ते मालकाच्या नावे. वेग वाढविणारा मात्र चालक असतो. घरची मोटार असेल, तर हा फरक घरातल्या घरात मिटतो. परंतु भाड्याची मोटार, मालमोटार, शाळेची बस यांच्या बाबतीत तो पगारातून कापला जातो. मालमोटारवाल्यांच्या असंतोषाचे एक कारण हेच आहे. जुलै २०२५ च्या आरंभी महाराष्ट्रातील मालवाहतूकदारांनी ई-चलनाच्या विरोधात संपाचे हत्यार उपसले होते. त्याच महिन्यात, पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाईलवर छायाचित्रे काढून मागाहून चलने करू नयेत, असे आदेश वरिष्ठांना काढावे लागले. सर्वच तक्रारी खऱ्या होत्या असे नव्हे. पण आदेश काढावा लागला, यातच बरेच काही आले.

कलम १८३ मध्ये याविषयीही एक दूरदर्शी तरतूद पडून आहे. नोकराला अतिवेगाने गाडी हाकावयास लावणारा मालकही दोषी ठरतो. इतकेच नव्हे, वेगमर्यादा मोडल्याशिवाय पाळता येणार नाही असे वेळापत्रक एखाद्याने प्रसिद्ध केले किंवा तशी सूचना दिली, तर तेवढाच त्याच्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. ही तरतूद बसगाड्यांची वेळापत्रके डोळ्यांसमोर ठेवून केलेली असावी. पण दहा मिनिटांत किराणा घरपोच देण्याच्या जाहिराती गेल्या काही वर्षांत शहराशहरांतून झळकल्या, तेव्हा तिची आठवण कोणाला झाली? पाठीवर पिशवी बांधून सिग्नल तोडणाऱ्या पोराच्या मोबाईलवर चलन येते. घड्याळ लावून बसलेल्यांना ते येत नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचाच हा प्रकार म्हणावा लागेल.

दंडाच्या समानतेचाही प्रश्न आहे. दोन हजार रुपये आलिशान मोटारीच्या मालकाला हॉटेलातल्या एका जेवणाएवढे वाटतात. टॅक्सीचालकाला ती दोन-तीन दिवसांची कमाई असते. फिनलंडमध्ये गंभीर अतिवेगाचा दंड उत्पन्नाच्या प्रमाणात आकारतात. २०२३ मध्ये तेथील ऑलंड बेटांवर एका धनिकाला १,२१,००० युरो भरावे लागले. आपल्याकडे उत्पन्नाचे खरे आकडेच हाती नसताना ही पद्धत जशीच्या तशी आणणे शक्य नाही. पण वारंवार गुन्हा करणाऱ्याचा परवाना काही काळ काढून घेण्याची तरतूद कायद्यात आहे. ती काटेकोरपणे वापरली, तर पैशाने न भरून येणारी शिक्षा श्रीमंतालाही होऊ शकेल.

सुरक्षितता की महसूल?

कॅमेऱ्यांविषयीचा सर्वांत मोठा संशय असा की, ते अपघात होतात तेथे नव्हे, तर दंड मिळतो तेथे उभे केले जातात. हा संशय खरा की खोटा, याहून तो पसरू देणे अधिक घातक आहे. फ्रान्समध्ये २०१८ च्या उन्हाळ्यात दुपदरी रस्त्यांवरची वेगमर्यादा ९० वरून ८० करण्यात आली. पुढे पिवळ्या जाकिटांचे आंदोलन पेटले, तेव्हा लोकांनी निम्म्याहून अधिक कॅमेरे मोडून किंवा झाकून टाकले. पंधरा वर्षे माणसांचे प्राण वाचविणारी यंत्रणा पैसे उकळणारी आहे, असे लोकांच्या मनाने घेतले होते. ब्रिटनने २००७ साली कॅमेऱ्यांचा खर्च दंडाच्या उत्पन्नातून परस्पर वळता करण्याची पद्धत बंद केली, त्यामागे याच संशयाची पार्श्वभूमी होती.

महाराष्ट्राने यातून धडा घ्यावा. पुण्याजवळच्या नवले पुलावर २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका अवजड वाहनाने सुमारे ४८ वाहनांना धडक दिली. त्या पुलाकडे येणारा तीव्र उतार हे तेथील अपघातांचे मोठे कारण आहे, हे तो रस्ता वापरणारा प्रत्येक जण जाणतो. अशा ठिकाणी कॅमेरा हवाच. पण उतार, वळण आणि फलक यांची दुरुस्ती करण्याची जबाबदारी कॅमेऱ्यामागे लपविता येणार नाही. याच कायद्याच्या कलम १९८-अ मध्ये, रस्त्याच्या सदोष रचनेमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आणि कलम २१०-ब नुसार, कायदा राबविणाऱ्यांनीच तो मोडला तर त्यांना दुप्पट दंड आहे. नागरिकाची चूक यंत्र आपोआप टिपते. अभियंत्याची आणि ठेकेदाराची चूक टिपणारे यंत्र मात्र अजून कोठे बसलेले नाही. प्रत्येक कॅमेऱ्याच्या जागी पूर्वी किती अपघात होत आणि आता किती होतात, दंडाची किती रक्कम जमली आणि तिचा विनियोग कसा झाला, हे दरवर्षी जाहीर केले, तर संशयाचे बरेचसे निरसन होईल.

नागरिकाचीही काही कर्तव्ये आहेत. गाडीच्या नोंदणीत पत्ता आणि मोबाईल क्रमांक अद्ययावत ठेवणे, गाडी विकल्यावर राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळविणे आणि चलन आले की ते शासनाच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः गाडीचा क्रमांक घालून पडताळणे, ही त्यांतील प्रमुख होत. संदेशातील दुव्यावर बोट ठेवणे किंवा त्यासोबत आलेली फाइल उघडणे मात्र टाळावे. बनावट चलने पाठवून बँकखाती रिकामी करणाऱ्यांचा सध्या सुळसुळाट झाला आहे. छायाचित्र, क्रमांक, स्थळ, वेळ आणि वेग जुळत असतील, तर सवलतीची वाट न पाहता दंड भरावा. जुळत नसतील, तर रक्कम किरकोळ आहे म्हणून गप्प न बसता लेखी हरकत घ्यावी आणि तिची पोच जपून ठेवावी. अशा हरकतींनीच यंत्रणा सुधारते.

कायद्याचे राज्य म्हणजे केवळ नियम मोडणाऱ्याला शिक्षा होणे नव्हे. शिक्षा करणाऱ्यानेही नियमाने बांधलेले असणे, हा त्याचा दुसरा आणि अधिक अवघड अर्धा भाग आहे. वेगमर्यादा नागरिकासाठी आहे, तशी पंधरा दिवसांची मर्यादा शासनासाठी आहे. पहिली ओलांडणाऱ्याला दंड आणि दुसरी ओलांडणाऱ्याला काहीच नाही, असे चालत राहिले, तर लोक दंड भरतील. पण वेग कमी करणार नाहीत. ते कॅमेरा दिसेपर्यंत धावतील, दिसताच दबकतील आणि तो मागे पडताच पुन्हा धावतील. रस्त्यावर मरणाऱ्यांची संख्या त्याने कमी होणार नाही.